आंतरजालावरील वाङ्मयचौर्य

आंतरजालावरील वाङ्मयचौर्य म्हणजे दुसऱ्या व्यक्तीने आंतरजालावर प्रसिद्ध केलेले मूळ लेखन, छायाचित्र, नकाशा किंवा ध्वनिमुद्रण मूळ कर्त्याचा उल्लेख न करता, अथवा त्याचे नाव काढून, स्वतःच्या किंवा तिसऱ्याच्याच नावाने प्रसिद्ध करणे होय. मराठीत यासाठी 'उचलेगिरी' हा बोलीतील शब्दही रूढ आहे. वाङ्मयचौर्य ही प्रामुख्याने नैतिक संकल्पना आहे, तर प्रताधिकारभंग (स्वामित्वहक्काचा भंग) ही कायदेशीर संकल्पना आहे. अनेकदा दोन्ही एकाच कृतीत घडतात, तथापि त्या एकच नव्हेत. भारतात मूळ लेखनाला प्रताधिकार अधिनियम, १९५७ अन्वये संरक्षण मिळते. हा अधिनियम २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आला.

प्रस्तुत लेखात या विषयाचे सामान्य स्वरूप, भारतीय कायद्यातील तरतुदी आणि मराठी लेखनाशी निगडित प्रश्न दिले असून उदाहरणे मुख्यतः रायगड जिल्ह्यातील कर्जत व खालापूर तालुक्यांविषयीच्या लेखनातून घेतली आहेत.

संज्ञा व भेद

प्रताधिकार संपलेल्या ग्रंथातील मजकूर कोणालाही मुक्तपणे छापता येतो. मात्र तो स्वतःच्या नावावर खपवल्यास प्रताधिकारभंग होत नसला, तरी वाङ्मयचौर्य होते. कर्जत तालुक्यातील कोंडाणे लेणी, कोथळीगड आणि माथेरान यांचे इंग्रजी अमदानीतील सविस्तर वर्णन मुंबई इलाख्याच्या १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरमध्ये आढळते, कारण त्या वेळी कर्जत तालुका ठाणे जिल्ह्यात होता. हे लेखन आज सार्वजनिक क्षेत्रात आहे. त्याचा अनुवाद करून कोणी तो 'स्वतःचे संशोधन' म्हणून मांडला, तर कायदा त्यास अडवत नाही, पण वाचकाची फसवणूक होतेच. शिवाय मूळ आधार दडवल्यामुळे वर्णन सुमारे दीडशे वर्षांपूर्वीच्या स्थितीचे आहे, हे वाचकास कळत नाही.

उलटपक्षी, लेखकाचे नाव ठळकपणे देऊनही परवानगीविना संपूर्ण लेख पुनर्प्रकाशित केल्यास वाङ्मयचौर्य होत नाही, परंतु प्रताधिकारभंग होतो. 'नाव दिले की पुरे' हा समज सार्वत्रिक असला तरी चुकीचा आहे. श्रेय देणे व अनुमती घेणे ही दोन स्वतंत्र कर्तव्ये आहेत. 'आले तसे पुढे पाठवले' ही सबबही पुनर्प्रकाशनास कायदेशीर आधार देत नाही.

पार्श्वभूमी

कर्त्याने आपल्या कृतीवर नाव नोंदवण्याची प्रथा प्राचीन आहे. कर्जत तालुक्यातील कोंडाणे येथील बौद्ध चैत्यगृहाच्या दर्शनी भागात एका भग्न यक्षप्रतिमेजवळ ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेख असून, ही कृती कण्हाचा शिष्य बलक याने केल्याचे त्यात नोंदवले आहे. कारागिराने स्वतःच्या नावासोबत आपल्या गुरूचे नावही कोरल्याचे हे उदाहरण दोन हजार वर्षांहून अधिक जुने मानले जाते.

मध्ययुगीन मराठी काव्यात हेच कार्य नाममुद्रा करीत असे. अभंगाच्या अखेरच्या चरणात गुंफलेले कर्त्याचे नाव मौखिक परंपरेत रचनेची ओळख टिकवून ठेवी. मात्र नाममुद्रा बदलणे सोपे होते. संत तुकारामांच्या गाथेत सालोमालो या समकालीनाचा उल्लेख येतो. इतरांच्या रचनांतील मुद्रा काढून तेथे तो आपली मुद्रा घालीत असे, अशी परंपरा आहे. १९३६ साली प्रभात फिल्म कंपनीने काढलेल्या 'संत तुकाराम' या चित्रपटामुळे हे पात्र मराठी प्रेक्षकांच्या परिचयाचे झाले. नाव पुसून नाव घालण्याची ही पद्धत आजच्या आंतरजालावरील उचलेगिरीहून तत्त्वतः भिन्न नाही. फरक आहे तो वेगाचा आणि प्रतींच्या संख्येचा.

मुद्रणकलेच्या प्रसारानंतर भारतात १८४७ व १९१४ साली प्रताधिकारविषयक कायदे झाले. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात मॅकमिलन आणि मुंबईतील के. अँड जे. कूपर या प्रकाशकांमधील वाद प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. प्लुटार्ककृत अलेक्झांडरच्या चरित्राच्या शालेय आवृत्तीसंबंधीच्या या वादात, जुन्या ग्रंथातील उताऱ्यांच्या केवळ निवडीस संरक्षण नाकारण्यात आले, मात्र संपादकाने कष्टपूर्वक लिहिलेल्या टिपांमध्ये प्रताधिकार असल्याचे मान्य झाले. भारत १९२८ पासून बर्न कराराचा सदस्य आहे. या करारानुसार कोणत्याही नोंदणीविना सदस्य देशांत परस्परांच्या नागरिकांच्या कृतींना संरक्षण मिळते.

कर्जत व खालापूरविषयक लेखन

मुंबई व पुणे यांच्या दरम्यान, सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या या दोन तालुक्यांविषयी मराठीत विपुल लेखन झाले आहे. कोथळीगड (पेठ), इर्शाळगड, सोंडाई व भिवगड हे किल्ले, कोंडाणे लेणी, माथेरान, महड येथील वरदविनायक, १९०७ साली सुरू झालेली नेरळ–माथेरान रेल्वे, खोपोली व भिवपुरी येथील टाटा जलविद्युत केंद्रे आणि ठाकर व कातकरी समाजांचे जीवन हे त्यातील नेहमीचे विषय आहेत. यांपैकी पुष्कळसे लेखन स्थानिक अभ्यासक, शिक्षक आणि गिर्यारोहक यांनी स्वखर्चाने व प्रत्यक्ष पायपीट करून केलेले असते.

अशा लेखनाची उचलेगिरी झाल्यास तीन प्रकारची हानी संभवते. पहिली, मूळ लेखकाचे श्रेय व क्वचित मिळणारे उत्पन्न बुडते. दुसरी, चुका पसरतात. खालापूर तालुक्यातील अष्टविनायकाचे 'महड' आणि दक्षिण रायगडातील 'महाड' हे शहर यांची गल्लत, रायगडमधील कर्जत व अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जत यांची सरमिसळ, तसेच 'कोंडाणे' लेणी व 'कोंढाणा' किल्ला यांचा घोळ ही अशा चुकांची ठळक रूपे होत. विषयाशी परिचय नसलेला नक्कलकार चूक ओळखू शकत नाही, आणि एकाच मजकुराच्या अनेक प्रती दिसल्यामुळे वाचकाला चुकीची माहितीच खात्रीची वाटू लागते.

तिसरी हानी सुरक्षिततेशी निगडित आहे. पावसाळ्यात या भागातील वाटा बदलतात, दरडी कोसळतात, ओढे अचानक फुगतात. धबधबे व धरणांच्या परिसरात जिल्हा प्रशासन वेळोवेळी मनाई आदेश काढते. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळून मोठी जीवितहानी झाली. इर्शाळगडाकडे जाणारी प्रचलित वाट याच वाडीतून जात असे. जबाबदार लेखक अशा घटनेनंतर आपल्या लेखातील वाटेचे वर्णन दुरुस्त करतो किंवा मागे घेतो. त्या लेखाच्या चोरलेल्या प्रती मात्र जुन्याच राहतात, आणि त्यांवर मूळ लेखकाचे नाव नसल्यामुळे वाचक दुरुस्त आवृत्तीपर्यंत पोहोचू शकत नाही. स्थलवर्णनपर लेखनात श्रेयनामाचे महत्त्व केवळ लेखकापुरते मर्यादित नसते, ते यामुळेच.

संरक्षणाची व्याप्ती

प्रताधिकार कल्पनेला किंवा वस्तुस्थितीला मिळत नाही, तो अभिव्यक्तीला मिळतो. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली हे तत्त्व स्पष्ट केले. कल्पना, विषय, कथासूत्र तसेच ऐतिहासिक वा पौराणिक तथ्ये यांवर कोणाचीही मालकी नसते. त्यांची मांडणी, क्रम व शब्दयोजना यांची भरीव नक्कल झाली आहे काय, हे पाहावे लागते. दोन्ही कृती वाचल्यावर दुसरी ही पहिलीचीच नक्कल आहे असा निःसंदिग्ध ग्रह सामान्य वाचकाचा होतो काय, ही त्याची कसोटी होय.

माथेरान येथे जन्मलेले स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगड येथे हुतात्मा झाले, हे तथ्य कोणीही लिहू शकतो. त्यांच्या जीवनावर कितीही लेखक स्वतंत्र चरित्रे लिहू शकतात. परंतु एखाद्या चरित्रकाराने साधलेली प्रसंगांची मांडणी, वर्णने व भाष्य जसेच्या तसे उचलणे हा भंग ठरतो. हाच न्याय किल्ल्यांच्या लेखांना लागू होतो: इर्शाळगडाच्या सुळक्याला नेढे आहे ही माहिती सर्वांची, ते नेढे पाहतानाचे वर्णन लेखकाचे.

निव्वळ संकलनासही, त्यात किमान सर्जनशीलता असल्यास, संरक्षण मिळू शकते. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने केवळ श्रम पुरेसे नसून कौशल्य व निर्णयशक्तीचा अल्पसा तरी अंश दिसला पाहिजे, असा निकष स्वीकारला. छायाचित्राचा प्रताधिकार चित्रित वस्तूहून स्वतंत्र असतो. कोंडाणे लेण्यातील शिल्पांवर प्रताधिकार नाही, मात्र त्यांच्या छायाचित्रावर छायाचित्रकाराचा प्रताधिकार असतो.

भारतीय कायद्यातील तरतुदी

हक्काची निर्मिती व मुदत

लेखन शब्दबद्ध होताच प्रताधिकार आपोआप निर्माण होतो. नोंदणी ऐच्छिक असून नोंदणीविनाही दावा दाखल करता येतो. कलम ४८ अन्वये नोंदवहीतील नोंद प्रथमदर्शनी पुरावा मानली जाते, एवढाच नोंदणीचा मुख्य लाभ होय. कलम ५५ च्या तरतुदीनुसार प्रसिद्ध प्रतीवर लेखक म्हणून ज्याचे नाव छापलेले असेल, तोच लेखक असल्याचे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, गृहीत धरले जाते. प्रत्येक लेखावर नाव घालण्याच्या साध्या सवयीला म्हणून कायदेशीर मोल आहे.

साहित्यकृतीचा प्रताधिकार लेखकाच्या हयातीत व मृत्यूनंतरच्या वर्षापासून पुढे ६० वर्षे टिकतो. निनावी वा टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या कृतीसाठी ही ६० वर्षे प्रकाशनापासून मोजली जातात. मुदतीत लेखकाची ओळख उघड झाल्यास सामान्य नियम लागू होतो. म्हणजे निनावी लेखन हे बेवारस लेखन नव्हे.

मालकी व हस्तांतरण

मूळ लेखक हाच सामान्यतः पहिला मालक असतो. नोकरीच्या कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या मजकुराची मालकी, विरुद्ध करार नसल्यास, नियोक्त्याकडे जाते. प्रताधिकाराचे हस्तांतरण लेखी व स्वाक्षरीयुक्त असावे लागते. करारात मुदत नमूद नसल्यास ती पाच वर्षे आणि प्रदेश नमूद नसल्यास तो भारतापुरता मर्यादित मानला जातो. एखाद्या दिवाळी अंकास तोंडी होकार देऊन लेख दिला, म्हणून त्याचे सर्व हक्क संपादकाकडे जात नाहीत.

नैतिक अधिकार

कलम ५७ अन्वये लेखकास दोन विशेष अधिकार आहेत. कृतीचे कर्तृत्व सांगणे हा पहिला, आणि आपल्या प्रतिष्ठेस बाधा येईल अशा विपर्यासास वा फेरफारास आक्षेप घेणे हा दुसरा. प्रताधिकार विकल्यानंतरही हे अधिकार लेखकाकडेच राहतात. २०१२ च्या दुरुस्तीने समाविष्ट झालेल्या कलम ६५ख अन्वये, कृतीचे शीर्षक, कर्त्याचे नाव इत्यादी हक्क-व्यवस्थापनविषयक माहिती जाणूनबुजून व अधिकाराविना काढून टाकणे हा दोन वर्षांपर्यंतच्या कारावासास व दंडास पात्र गुन्हा आहे. छायाचित्रावरील नाव कापून ते पुन्हा प्रसिद्ध करण्याच्या प्रकारांत ही तरतूद विचारात घेतली जाते.

अनुज्ञेय वापर

कलम ५२ नुसार खासगी वापर व संशोधन, टीका वा समीक्षण, आणि चालू घडामोडींचे वृत्तांकन यांसाठी वाजवी वापर भंग ठरत नाही. किती शब्द घेतलेले चालतात, याची कोणतीही संख्या कायद्यात दिलेली नाही. वापराचा हेतू, घेतलेल्या भागाचे महत्त्व आणि मूळ कृतीच्या बाजारपेठेवरील परिणाम यांचा एकत्रित विचार केला जातो.

दिवाणी व फौजदारी उपाय

दिवाणी दाव्यात मनाई हुकूम, नुकसानभरपाई व नफ्याचा हिशेब मागता येतो. फौजदारी बाजूने, कलम ६३ अन्वये जाणीवपूर्वक केलेल्या भंगास सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड अशी शिक्षा आहे. व्यापारी लाभाचा हेतू नसल्यास न्यायालय कारणे नमूद करून कमी शिक्षा देऊ शकते. हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये निट प्रो इंटरनॅशनल प्रकरणात दिला. कायदेशीर कारवाईच्या निराधार धमक्या देणाऱ्याविरुद्ध, धमकी मिळालेल्या व्यक्तीस कलम ६० अन्वये दाद मागता येते. त्यामुळे नोटीस पाठवण्यापूर्वी आपली मालकी तपासून घेणे आवश्यक ठरते.

अधिकारक्षेत्र

कलम ६२ ही तालुक्याच्या ठिकाणी राहणाऱ्या लेखकाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची तरतूद आहे. दिवाणी दावा सामान्यतः प्रतिवादी जेथे राहतो तेथे किंवा जेथे दाव्याचे कारण घडले तेथे दाखल करावा लागतो. प्रताधिकाराच्या बाबतीत मात्र वादी स्वतः जेथे राहतो किंवा व्यवसाय करतो, तेथील जिल्हा न्यायालयातही दावा दाखल करता येतो. कर्जत वा खालापूर येथील लेखकास त्यामुळे दिल्ली किंवा बंगळूर येथील प्रतिवादीविरुद्ध रायगड जिल्हा न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात दाद मागता येते. या न्यायालयाचे मुख्यालय अलिबाग येथे आहे. या सवलतीचा हेतू वादीची सोय हा असून प्रतिवादीचा छळ हा नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली संजय दालिया प्रकरणात स्पष्ट केले. दाव्याचे मूल्य तीन लाख रुपये वा अधिक असल्यास वाणिज्य न्यायालय अधिनियम, २०१५ लागू होतो आणि तातडीचा अंतरिम आदेश मागितला नसल्यास दाव्यापूर्वी मध्यस्थीची प्रक्रिया पार पाडावी लागते. फौजदारी खटला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालू शकतो.

मजकूर हटवण्याची प्रक्रिया

न्यायालयात न जाता मजकूर साठवणाऱ्या सेवेकडे लेखी तक्रार करण्याचा मार्ग अधिक प्रचलित आहे. कलम ५२(१)(ग) आणि प्रताधिकार नियम, २०१३ मधील नियम ७५ यांनुसार, कृतीचे वर्णन, मालकीचा तपशील व भंग करणाऱ्या प्रतीचे ठिकाण यांसह तक्रार मिळाल्यावर आणि प्रत भंगकारक असल्याची खात्री झाल्यावर संबंधित सेवेने ३६ तासांत त्या मजकुराकडे जाणारा मार्ग बंद करणे अपेक्षित आहे. ही बंदी २१ दिवस टिकते. त्या मुदतीत तक्रारदाराने सक्षम न्यायालयाचा आदेश सादर न केल्यास सेवा मजकूर पुन्हा खुला करू शकते.

बहुतेक मोठ्या सेवा अमेरिकास्थित असल्याने तेथील १९९८ च्या डिजिटल मिलेनियम कॉपीराइट ॲक्टनुसार ठरलेले अर्जही भारतीय लेखक वापरतात. त्यात तक्रारदारास आपण हक्कधारक असल्याचे प्रतिज्ञापूर्वक सांगावे लागते. समोरच्या पक्षाने प्रतिनोटीस दिल्यास आणि तक्रारदाराने दावा दाखल न केल्यास मजकूर पूर्ववत होऊ शकतो. शोधयंत्रांकडे तक्रार केल्यास चोरीची प्रत शोधनिकालांतून वगळली जाते, मात्र ती मूळ ठिकाणी तशीच राहते.

नक्कल ओळखण्याच्या पद्धती

लेखातील आठ-दहा शब्दांचे वैशिष्ट्यपूर्ण वाक्य अवतरणचिन्हांत घालून शोधणे, ही सर्वांत सोपी पद्धत होय. मराठीत तिला काही अडथळे येतात. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्र चिन्ह म्हणून किंवा 'अ' व अर्धचंद्र जोडून असे दोन प्रकारे साठवले जाते. 'दऱ्या', 'सुऱ्या' यांसारख्या शब्दांतील रफारसदृश आडव्या 'र'चेही एकाहून अधिक संकेतन प्रचलित आहे. डोळ्यांना सारखे दिसणारे दोन शब्द संगणकास भिन्न वाटतात आणि तंतोतंत शोध निष्फळ ठरतो. त्यामुळे शोधासाठी असे शब्द नसलेले वाक्य निवडणे इष्ट असते. श्रीलिपीसारख्या जुन्या टंकांत जुळवलेला छापील मजकूर युनिकोड-आधारित शोधात सापडत नाही. लेख चित्ररूपात पसरवला गेल्यासही तो सहसा निसटतो.

मूळ लेखातील चूक नकलेत तशीच आढळणे, हा नकलेचा सबळ पुरावा समजला जातो. दोन लेखकांनी स्वतंत्रपणे एकच योग्य माहिती देणे स्वाभाविक आहे. तीच विशिष्ट मुद्रणचूक किंवा तोच चुकीचा अंतर-आकडा देणे तसे नाही. नकाशे व कोश यांच्या प्रकाशकांनी याच तत्त्वाचा उपयोग नकलाकार पकडण्यासाठी पूर्वीपासून केला आहे. वाटेच्या वर्णनात मात्र हेतुपुरस्सर चूक पेरणे धोकादायक असल्याने ते वर्ज्य मानले पाहिजे.

उच्च शिक्षणात विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे विनियम लागू आहेत. त्यांत दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य शिक्षामुक्त असून, १० ते ४०, ४० ते ६० आणि ६० टक्क्यांहून अधिक असे तीन वाढत्या गांभीर्याचे स्तर ठरवले आहेत. साम्य मोजणाऱ्या प्रणाली अनुवादित उचलेगिरी, म्हणजे इंग्रजी वा हिंदी लेखाचे श्रेयविरहित मराठी रूपांतर, ओळखण्यात कमी पडतात.

प्रतिबंध व पुरावा

पूर्ण प्रतिबंध करणारा कोणताही तांत्रिक उपाय उपलब्ध नाही. मजकूर निवडता येऊ नये अशी योजना केल्यास नक्कल काही अंशी मंदावते, परंतु दृष्टिबाधित वाचकांची वाचनसाधने त्यामुळे अडखळतात आणि निश्चयी नक्कलकार थांबत नाही. त्यापेक्षा पुढील सवयी अधिक उपयुक्त ठरतात:

* प्रत्येक लेखावर लेखकाचे पूर्ण नाव, प्रथम प्रकाशनाचा दिनांक व अखेरच्या दुरुस्तीचा दिनांक देणे.
* पुनर्वापराच्या अटी सोप्या मराठीत लिहिणे. मुक्त वापरास संमती असल्यास क्रिएटिव्ह कॉमन्ससारखा प्रमाणित परवाना निवडणे. मराठी विकिपीडियावरील मजकूरही श्रेय व समान-वाटप या अटींच्या अशाच परवान्याखाली असतो.
* कच्चे मसुदे, क्षेत्रभेटीच्या वह्या व छायाचित्रांच्या मूळ, न कापलेल्या संचिका जपून ठेवणे.
* लेख प्रसिद्ध होताच त्याची नोंद इंटरनेट आर्काइव्हसारख्या त्रयस्थ संग्रहात करून ठेवणे.
* नक्कल आढळल्यास तक्रारीपूर्वी तिचे पूर्ण पृष्ठ, पत्ता, दिनांक व वेळ यांसह जतन करणे. तक्रारीनंतर ते पृष्ठ नाहीसे होऊ शकते.

इलेक्ट्रॉनिक नोंद न्यायालयात पुरावा म्हणून सादर करताना प्रमाणपत्र जोडावे लागते. जालना विधानसभा मतदारसंघाच्या निवडणूक वादातून उद्भवलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली या प्रमाणपत्राची अनिवार्यता अधोरेखित केली. मूळ उपकरणच न्यायालयात हजर केल्यास ते लागत नाही. १ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये असून प्रमाणपत्रात संचिकेचे हॅश मूल्य नोंदवावे लागते.

व्यवहारात पहिली पायरी म्हणून नक्कलकारास सौम्य पत्र लिहिण्याची प्रथा आहे. अनेक प्रकरणांत उचल अज्ञानातून झालेली असते आणि श्रेयनाम व मूळ लेखाचा दुवा देऊन वाद मिटतो. स्थलवर्णनाच्या बाबतीत असा दुवा दिला जाणे, हे मजकूर हटवण्याइतकेच उपयुक्त ठरते, कारण वाचक दुरुस्त माहितीपर्यंत पोहोचतो.

लोकसाहित्य व मौखिक परंपरा

कर्जत व खालापूरच्या वाड्यापाड्यांतील ठाकर व कातकरी गीते, कथा व औषधी वनस्पतींचे ज्ञान यांना ज्ञात वैयक्तिक कर्ता नसल्याने प्रताधिकार अधिनियमाचे थेट संरक्षण मिळत नाही. संकलकाची प्रस्तावना, टिपा व अनुवाद मात्र संरक्षित असतात. परिणामी गीत गाणाऱ्या समाजापेक्षा ते उतरवून घेणाऱ्याचे हक्क अधिक स्पष्ट असतात, ही या कायद्यावरील एक टीका आहे.

तथापि गायिका वा गायक यांना कलम ३८ व त्याच्या उपकलमांनुसार प्रयोगकर्त्याचे स्वतंत्र अधिकार आहेत. सादरीकरण संमतीविना ध्वनिमुद्रित वा चित्रित करणे हा त्या अधिकारांचा भंग ठरू शकतो, हे अधिकार ५० वर्षे टिकतात आणि सादरकर्ता म्हणून नाव नोंदवले जाण्याचा हक्कही त्यांत अंतर्भूत आहे. लग्नात धवळेरीण गात असलेली गीते कोणाच्याही मालकीची नसली, तरी तिचे गाणे तिचे असते. त्यामुळे जबाबदार संकलनात गायकाचे नाव, पाडा व मुद्रणाचा दिनांक यांची नोंद संमतीने केली जाते.

मर्यादा

कायदा स्पष्ट असला तरी त्याचा आधार घेणे सर्वांना परवडत नाही. वकिलाचे शुल्क, अलिबागपर्यंतच्या खेपा आणि लागणारा काळ यांच्या तुलनेत एका लेखाचे आर्थिक मूल्य अल्प असते. निनावी खाती व परदेशस्थ सेवा यांमुळे प्रतिवादी निश्चित करणेही कठीण जाते. बंदिस्त संदेशगटांत फिरणारा मजकूर बाहेरून शोधता येत नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित प्रणालींनी नवे प्रश्न उभे केले आहेत. अशा प्रणाली मूळ लेखन शब्दशः न उचलता त्याचा आशय नव्या शब्दांत मांडतात. आशय व तथ्ये यांना प्रताधिकार नसल्याने भंग कोठे सुरू होतो, हे ठरवणे अवघड होते. त्यांच्या प्रशिक्षणासाठी संरक्षित मजकुराचा वापर वैध आहे काय, हा प्रश्न एएनआय या वृत्तसंस्थेने नोव्हेंबर २०२४ मध्ये ओपनएआयविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात उपस्थित केला. अशा प्रणालींनी दिलेल्या उत्तरातही दोन कर्जत किंवा महड आणि महाड यांची सरमिसळ होऊ शकते, आणि ती माहिती कोणत्या लेखावरून आली हे दिसत नसल्यास चूक दुरुस्त करण्याची विनंती नेमकी कोणाला करावी, हे वाचकाला कळत नाही.